चेन्चाला वाचून दाखवण्यासाठी

व्हिजारिका, १० मार्च २०१९

प्रिय चेन्चा,

आधी धर्ममाता दोन्या एर्सिलियांना माझा नमस्कार सांग. हे पत्र नेहमीप्रमाणे त्याच तुला वाचून दाखवणार, म्हणून पहिला आशीर्वाद त्यांच्याकडेच मागते. दोन्या एर्सिलिया, आपला रक्तदाब आता कसा आहे? सोबत पेरूच्या वड्या पाठवल्या आहेत. साखर बेताचीच घातली आहे.

चेन्चा, इकडे सगळं ठीक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळ फार मोठी वाटते. यंदा परसातला पेरू असा लगडलाय की खाली पडलेली फळं गोळा करून पाठ मोडते. तुला आठवतं का, आपण गावच्या ओढ्यावर कच्चे पेरू मीठ लावून खायचो आणि मग पोट धरून आईसमोर उभ्या राहायचो? आई ओरडायची नाही. नुसती म्हणायची, "भोगा आता."

एक गोष्ट कळवायची होती. काळजीची नाही. असुन्सियोनहून नोएलिया नावाची एक बाई आली होती, सरकारी वकिलांच्या कचेरीतली. माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींएवढी असेल. तुमच्या गल्लीतल्या कुणीतरी तक्रार केली म्हणे, की दोन्या एर्सिलियांच्या घरात एक बाई आहे आणि ती कधी फाटकाबाहेर दिसत नाही. मी तिला सांगितलं, अहो, ती माझी सख्खी धाकटी बहीण. त्या घरात मुलीसारखी वाढली. तिला लहानपणापासून हिंडायची आवडच नाही.

तिनं विचारलं, तिला तिथे नेलं तेव्हा तिचं वय काय होतं. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार.

तिनं विचारलं, तुमची भेट कधी झाली होती. मी म्हटलं, झाली होती मध्ये.

पगार मिळतो का, सुट्टी असते का, दात दुखला तर डॉक्टरकडे कोण नेतं, असंही काय काय विचारत होती. आजकालच्या मुलींना एकेक प्रश्न सुचतात. मी तिला पेरू दिले आणि वाटेला लावलं.

तू नेहमीसारखी शहाण्यासारखी राहा. धाकटीनं सोसावं, देव पाहत असतो.

तुझी बहीण,
निमिया


व्हिजारिका, २ एप्रिल

प्रिय चेन्चा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पोस्टात टाकलं की ते आधी कुणाच्या हातात पडतं, ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तुझं उत्तर आलं. "मी बरी आहे. घरात सगळे बरे आहेत. आमच्यासाठी प्रार्थना करत राहा." सत्तेचाळीस वर्षं हीच तीन वाक्यं. अक्षर दोन्या एर्सिलियांचं, खाली तुझं नाव. मी चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. घरचा अभ्यास मुलानं केलाय की त्याच्या आईनं, हे मला पहिल्या ओळीत कळायचं. मुलाला मी उभं करायची आणि विचारायची, हे तुझं तू लिहिलंस का? तुला मात्र एकदाही विचारलं नाही. पत्र घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायचं आणि मनाला सांगायचं, बरी आहे म्हणते ना.

काल नोएलिया परत आली. या वेळी तिनं पेरूला हात लावला नाही. ती तुमच्याकडे येऊन गेली, हे तुला ठाऊक आहेच. दोन्या एर्सिलियांनी तिला कॉफी दिली आणि तुला समोर आणून उभं केलं. ती म्हणाली, "मी मुद्दाम ग्वारानीत बोलले. म्हटलं, आपल्या भाषेत तरी मोकळी होईल." मग तिनं वही उघडून तुझी उत्तरं मला वाचून दाखवली.

इथेच राहायचंय का? तू म्हणालीस, "मिळालेल्या घराला नावं ठेवू नयेत."

बाहेर जावंसं वाटत नाही का? "बाहेरच्या जगात आपल्यासारख्यांचं काही ठेवलेलं नाही."

कुणी हात उगारतं का? "मोठ्यांच्या हातात शिस्त असते, राग नसतो."

कुणाला भेटायचंय? यावर तू आधी अॅप्रनला हात पुसलेस म्हणे. मग म्हणालीस, "धाकटीनं सोसावं, देव पाहत असतो."

नोएलियानं वही मिटली. म्हणाली, "लिहिता-वाचता येत नाही या बाईला, आणि बोलते मात्र मठातल्या एखाद्या सिस्टरसारखी. त्या म्हातारीनं पढवून ठेवलीय."

मी मान डोलावली. चेन्चा, मी मान डोलावली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती वाक्यं माझी होती. पहिलं वाक्य तुला पाठवलेल्या पहिल्याच पत्रातलं, मठातल्या शाळेतलं. सिस्टर बेनिग्नांनी ते फळ्यावर शुद्धलेखनाला घातलं होतं आणि मला एकही चूक न होता लिहिता आलं, म्हणून मी ते तुलाही लिहून पाठवलं. हाताबद्दलचं वाक्य तू चौदा वर्षांची असतानाचं. त्या वर्षी तुझ्या पत्रात तीनऐवजी चार वाक्यं होती. चौथं होतं, "चेन्चा पडली आणि तिचं मनगट दुखावलं." मी त्यावर विचार केला. विचार करून मग ते वाक्य लिहिलं.

मला वाटायचं, दोन्या एर्सिलिया माझी पत्रं वाचताना चार ओळी गाळत असतील, दोन पदरच्या घालत असतील. त्यांना एक शब्दही बदलावा लागला नाही.

मी त्या घरी एकदाच आले होते, एक्याऐंशी साली, लग्न ठरल्याचं सांगायला. मला दिवाणखान्यात बसवलं. तू ट्रे घेऊन आलीस. एकोणीस वर्षांची होतीस आणि तुझे पुढचे दोन दात नव्हते. मी कप उचलला. तू उभी राहिलीस आणि मी बसले. दोन्या एर्सिलिया म्हणाल्या, "बघ, कशी घरच्यासारखी झालीय," आणि मी म्हटलं, "आपली कृपा." कॉफी फार छान होती, हेसुद्धा मी बोलले. जाताना तू फाटकापर्यंत आलीस आणि लहान मुलांसारखे दोन्ही हात जोडून माझा आशीर्वाद मागितलास. मी वडीलकीनं तो दिला आणि बस पकडली.

तुला भेटायला जायचं तर असुन्सियोन दूर पडतं असं मी सगळ्यांना सांगत आले. बसनं साडेतीन तास लागतात.

निमिया


व्हिजारिका, १४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चेन्चा,

हे पत्र तुला ञा दमासिया वाचून दाखवेल. रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन चिपा, चीजचे गरम पाव, विकायला येते, तीच. घाबरू नकोस. वीस वर्षं ती तुला फाटकाच्या गजांतून चिपा देतेय आणि वीस वर्षांत तिनं तुला गजांच्या अलीकडे पाहिलं नाही. तक्रार तिनंच केली. नोएलियानं आमची गाठ घालून दिली. दमासिया मला म्हणाली, "बाई, फाटकापाशी मला पाच मिनिटं मिळतात. पुराण लिहू नका." म्हणून थोडक्यात लिहिते.

धर्ममाता माझ्या होत्या, तुझ्या नव्हत्या. बाप्तिस्म्याला त्यांनी मला कडेवर धरलं होतं. त्या फेब्रुवारीत त्या मोटारीतून आल्या त्या मला न्यायला. "शहरात शाळेत घालीन, घरात हाताशी राहील," असं त्यांनी आईला कळवलं होतं. धर्ममातेला नाही म्हणणं आईला माहीतच नव्हतं. पाण्यावर शपथ घेतलेलं नातं, ते मोडलं तर पाप लागतं, अशी तिची समजूत होती.

आदल्या वर्षी शेजारची अपोलोनिया अशाच एका धर्ममातेच्या घरून परत आली होती. तिचा तळहात मी पाहिला होता. तुला पाहू दिला नव्हता.

म्हणून त्या पहाटे मी काखेत लसणाच्या पाकळ्या दाबून धरल्या. दुपारपर्यंत अंग तापलं. दोन्या एर्सिलियांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आजारी पोर नेऊन मी काय करू?" मग त्यांनी दारात पाहिलं. तू कोंबड्यांना मका टाकत होतीस. त्या म्हणाल्या, "ही चालेल."

तू आठ वर्षं पाच महिन्यांची होतीस. तुला चपला नव्हत्या, म्हणून माझ्या दिल्या. त्या मोठ्या होत होत्या. तू आईला विचारलंस, "निमिया बरी झाली की मी परत येऊ ना?" आई हो म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी बरी झाले.

पुढच्या वर्षी धर्ममातांनी चिठ्ठी देऊन मला व्हिजारिकाच्या सिस्टरांकडे घातलं. आईनं ते कशाच्या बदल्यात आहे हे विचारलं नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही. माझी पाटी, माझं सुंदर अक्षर, माझी नोकरी, सगळं तुझ्यावर उभं आहे. मी तुला सोसायला सांगत राहिले, कारण तू सोसणं थांबवलंस तर मला माझ्याकडे बघावं लागलं असतं.

ते उपदेश विसर. माझं चुकलं असं लिहिणंसुद्धा फार हलकं वाटतं. नोएलिया पुन्हा येईल. ती विचारेल तेव्हा एवढंच म्हण, मला बाहेर यायचंय. बाकी काही बोलावं लागणार नाही. मी फाटकाबाहेर उभी असेन.

निमिया


व्हिजारिका, २६ एप्रिल

चेन्चा,

पवित्र आठवडा गेला. मी चर्चमध्ये बसले, पण पापनिवेदनाला गेले नाही. फादर मला बरी बाई समजतात. त्यांच्याकडून क्षमा फार लवकर मिळाली असती.

सोमवारी दमासियाचा फोन आला. मी विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं. मान खाली घालून सगळं ऐकलं तिनं. टोपलीतल्या चिपा निवडत होती."

"मग?"

"मग काय. म्हणाली, हे माझ्या बहिणीचं पत्र नाही. माझी बहीण असं लिहीत नाही. ती देवाचं लिहिते. तुम्हाला कुणीतरी फसवलंय, ञा दमासिया. आणि मलाच समजावून आत गेली." मग दमासिया म्हणाली, "घ्या आता, मास्तरीणबाई. मन लावून शिकवलंत."

मी तशीच नोएलियाकडे गेले. साडेतीन तास. तिला म्हटलं, ती हो म्हणणार नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही. तर ती म्हणाली, "तिच्या हो म्हणण्याची गरज नाही."

"ती नको म्हणाली तरी?"

"तरी. आठ वर्षांच्या पोरीला कुणी नेलं आणि तिच्याकडून जन्मभर फुकट राबवून घेतलं, तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नसतो. आपल्या कायद्यात नाही, आणि देशादेशांनी मिळून सह्या केलेल्या करारातही नाही. गुलामाची खुशी विचारून गुलामी कायदेशीर होत नाही, बाई." मग तिनं टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "अडचण दुसरीच आहे. म्हातारीचा मुलगा वकील आहे. त्याचं म्हणणं, ही वीस वर्षांची असताना आपणहून काम मागायला दारात आली. तुमच्या बहिणीकडे जन्माचा कागद नाही, बाप्तिस्म्याचा नाही, काही नाही. कागदावर ही बाई जन्मलेलीच नाही. तिला कधी नेलं, कुणी दिलं, हे पाहिलेलं जिवंत माणूस मला हवं. तुमची आई गेली. आता कोण आहे?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. खोटं कशाला बोलू, मी अजूनही तेच म्हटलं.

विचार कसला करायचा होता? आईचं नाव येईल. माझे विद्यार्थी वाचतील. सिस्टरांच्या शाळेत माझा फोटो आहे, आदर्श माजी विद्यार्थिनी म्हणून. मी त्या फोटोचा विचार करत घरी आले.

मंगळवारी दोन्या एर्सिलियांचा फोन आला. त्र्याण्णव वर्षांच्या आहेत, पण आवाज तोच.

"निमिया, तुला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर कुणी धरलं?"

"आपण, धर्ममाता."

"शाळेत कुणी घातलं?"

"आपण."

"मग हे सरकारी लोक माझ्या दारात कशाला हुंगताहेत? मी काय चोर आहे? अगं, ती माझी मुलगीच. तुझा विश्वास नसेल तर तिलाच विचार. चेन्चा, इकडे ये. घे, बोल बहिणीशी."

अडतीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला. आधी नुसता श्वास. मग एखादा धडा म्हणावा तसं तू म्हणालीस, "मी बरी आहे. घरात सगळे बरे आहेत. आमच्यासाठी प्रार्थना करत राहा."

म्हणजे तुझी पत्रंही त्या तुला वाचून दाखवत होत्या. तुझं उत्तर काय आहे ते तुला पाठ करावं लागत होतं.

मी म्हटलं, "चेन्चा, तुझे दात कधी पडले?" तुला दुसरं काय विचारावं मला सुचेना. पलीकडून दोन्या एर्सिलियांची बडबड ऐकू आली आणि फोन ठेवला गेला.

काल सकाळी दहा वाजता मी जबाब दिला. नोएलियानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, नेलं तेव्हा वय काय होतं. मी सांगितलं, आठ वर्षं पाच महिने. लसणाचं सांगितलं. चपलांचं सांगितलं. मनगटाचं पत्र सोबत नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मी तुला लिहिलेल्या वाक्यांचंही सांगितलं. तिनं टंकलेखन थांबवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पुढे?"

शेवटी म्हणाली, "साक्षीदार म्हणून तुमचं नाव जाईल. कदाचित आणखीही काही विचारतील. दिलं कुणी, माहीत कुणाकुणाला होतं."

मी म्हटलं, "माझं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्ही ठरवा."

सही करताना अक्षर बिघडलं. बिघडू दिलं.

निमिया


असुन्सियोन, १२ मे

प्रिय चेन्चा,

हे पत्र कुणी तुला वाचून दाखवू नये असं मला वाटतं. तुमच्या आधारगृहातल्या बाई म्हणाल्या, तू अक्षरं गिरवायला बसतेस, पण पाच मिनिटांत उठून भांडी घासायला जातेस, आणि त्यांना तुझ्या हातातून घासणी काढून घ्यावी लागते. घाई नाही. हे त्यांच्याकडे बंद पाकिटात ठेवते. कधी वाचता आलं तर वाच. नाही वाचलंस तरी चालेल.

गुरुवारी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी मी फाटकाबाहेरून काय पाहिलं, ते लिहून ठेवते.

न्यायाधीशांचा हुकूम घेऊन आत चौघं गेले. दहाएक मिनिटांनी तू बाहेर आलीस, अंगात अॅप्रन, हात ओले. तू किती लहान झालीयस. मी एका उंच मुलीची वाट पाहत होते. तू म्हणालीस, "मला जायचं नाही." नोएलिया म्हणाली, "बरं." तू पुन्हा म्हणालीस. ती म्हणाली, "ऐकलं मी. लिहूनही घेतलं," आणि तिनं फाटक पूर्ण उघडून धरलं.

तू वळलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, संपलं. पण तू घेवड्याचं पातेलं ठेवलेली शेगडी बंद करून आलीस. दोन्या एर्सिलिया खुर्चीतून म्हणत होत्या, "चेन्चा, चार वाजताची गोळी मला कोण देणार? चेन्चा, मी तुझ्याशी बोलतेय." तू पोलीसबाईला गोळी कुठल्या कपाटात आहे ते सांगितलंस. निळी, अर्धी करून, पाण्याबरोबर नाही, दुधाबरोबर. दोनदा सांगितलंस. पोलीसबाई हो म्हणाली. दोन्या एर्सिलियांचा मुलगा फोनवर कुणाशी तरी ओरडत होता. दमासिया पलीकडच्या फुटपाथवर टोपली घेऊन उभी होती आणि त्या सकाळी तिनं कुणालाही चिपा विकली नाही.

तू माझ्याजवळून गेलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला ओळखलंस की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारणारही नाही.

गाडीत तू सीटच्या अगदी कडेला बसलीस, गुडघे जुळवून, हाक आली की लगेच उठता यावं अशा बेतानं. मी तुझ्याशेजारी होते. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. तू समोर बघत विचारलंस, "आता मी काय करायचं?"

कुणाला विचारलंस ते कळलं नाही. नोएलिया पुढे बसली होती, तिनं मान वळवली नाही.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. चांगलं होतं. देव होता त्यात, धीर होता, तू लगेच पाठ केलं असतंस. ते जिभेवर आलं आणि मी दात आवळून बसले. सिस्टर बेनिग्नांच्या शाळेत आम्ही मौनव्रताला बसायचो, पण तेव्हा आमच्याकडे बोलण्यासारखं काही नसायचं.

दोन सिग्नल गेले. बाजार लागला, लोक, कलिंगडांचे ढीग, भाजलेल्या मांसाचा धूर. तू काचेला हात लावून बघत होतीस. ड्रायव्हरनं आरशातून नोएलियाकडे पाहिलं. ती रस्त्याकडेच बघत राहिली. मीही.

मग तू म्हणालीस, "मला भूक लागलीय."

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तुझ्या हातात शिजवलेला मान्द्योक कंद आणि मांसाचा तुकडा ठेवला, आणि तू खायला लागलीस, आमच्या सगळ्यांच्या समोर, मागच्या बाजूच्या दातांनी, सावकाश. आमच्यातलं सकाळपासून कुणीच खाल्लं नव्हतं. आम्ही खाल्लं का, ते तू विचारलं नाहीस.

निमिया